मुभा

शेजाऱ्याने धुरा कोरला की साधा माणूस शिव्या देतो, फार तर मोजणी आणतो. आमचे दादाजी त्यातले नाहीत. त्यांनी दिवाणी दावा टाकला, नऊ वर्षं चालवला आणि परवा तो मागे घेतला. मग गावात पेढे वाटले.

घरच्यांना या यशाचा अर्थ कळेना. नातवाने विचारलं, "आबाजी, आपून हरलो का?"

"नाही."

"मंग जिंकलो?"

"तेही नाही."

"मंग झालं काय?"

"मुभा भेटली!"

दावा हरणं किंवा जिंकणं कोणालाही जमतं; त्याला नुसतं शेवटपर्यंत बसून राहावं लागतं. दोन्ही टाळून निघायचं तर 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 23, नियम 1 लागतो. दावा औपचारिक दोषामुळे बुडणारच असेल, किंवा दुसरं पुरेसं कारण असेल, तर कोर्ट तो नव्याने दाखल करण्याची मुभा देऊन मागे घेऊ देतं. ही सोय 1859 च्या पहिल्या संहितेतही होती. मुभा न घेता दावा काढला तर त्याच विषयाचं दार कायमचं बंद. म्हणून दादाजींनी हुकुमाची नक्कल कळंबच्या चिंतामणीच्या तसबिरीमागे ठेवली आहे.

मुभा कोणालाही मिळते असं समजू नका. साक्षीदार फिरला, पुरावा तोकडा पडला, ही कारणं चालत नाहीत. के. एस. भूपती खटल्यात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने, ही परवानगी सहज वाटायची गोष्ट नव्हे असं बजावून, दुसऱ्या अपिलात दिलेली मुभा काढून घेतली होती. दोष अस्सल हवा. व्ही. राजेंद्रन खटल्याच्या 2017 च्या निकालात त्याची यादीच सापडते: सरकारला कलम 80 ची नोटीस न देणं, कोर्ट फी कमी भरणं, मिळकतीच्या ओळखीत घोळ असणं. दादाजींनी घोळ निवडला. दाव्यात गट नंबर 121 ऐवजी 112 पडला होता. वादपत्र, कैफियत, मुद्दे, उलटतपास, सगळं त्या 112 वर बिनबोभाट पार पडलं. 112 च्या मालकाला याचा पत्ताही नव्हता.

कोणी म्हणेल, आकडा दुरुस्त करायला आदेश 6, नियम 17 चा अर्ज पुरला असता. पुरला असता, पण सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मागायची तर इतके दिवस झोपला होतात का, याचं उत्तर द्यावं लागतं. असल्या चौकशीत स्वाभिमानी माणूस पडत नाही.

शिवाय मागे घेऊन नव्याने येणं ही आपल्या जिल्ह्याची रीतच आहे. हा जिल्हा पूर्वी वणीच्या नावाने नांदत होता; 1905 साली ते नाव मागे घेऊन यवतमाळ म्हणून नव्याने दाखल झाला, येताना वाशीमकडून पुसदही घेऊन आला. दादाजींना एवढा फायदा झालेला नाही, पण कोर्टाने प्रतिवादीचा खर्च त्यांच्यावर बसवला आणि तो त्यांनी ताठ मानेने भरला.

या आदेशातला नियम 2 तर निव्वळ काव्य आहे. नवा दावा टाकताना मुदत अशी मोजायची, की पहिला दावा कधी झालाच नव्हता. नऊ वर्षांच्या तारखा, लाल डब्याचे धक्के, कोर्टाबाहेरच्या टपरीवरचा चहा, सगळं पुसलं. वेदान्तात ज्याला जन्म घालवावा लागतो ते इथे कोर्ट फीच्या स्टॅम्पावर होतं. मालकीच्या जोरावर ताबा मागायला मुदत कायदा बारा वर्षं देतो. धुरा कोरल्याला दावा टाकेपर्यंत दोन वर्षं झाली होती, वर ही नऊ. (कोर्टालाच अधिकार नव्हता अशा दोषावर मुभा मिळाली असती, तर कलम 14 खाली ती नऊ वर्षं वजा करून मागता आली असती. असल्या किरकोळ सवलतीकडे दादाजींनी पाहिलंही नाही.)

मुभेच्या अर्जाला प्रतिवादीने हरकत घेतली नाही, हेही नोंदवायला हवं. पेढ्यांच्या वेळी पहिला तोच आला. दोन पेढे खाऊन दादाजींशेजारी बाजेवर बसला.

"मंग नवी केस कधी टाकता जी?"

"याच महिन्यात."

"काहून एवढी घाई, दादाजी? कापूस निघू द्या, तूर निघू द्या. पोरीचं लगन उरका. मंग पुढच्या दिवाळीनंतर टाका न आरामात. मी कुठं पळून चाललो?"

दादाजींना ते पटलं.