डब्याच्या झाकणावरचं बोट

मी विज्ञान शिकवायचो हे आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नसेल त्याला मी सांगतो. निवृत्त झाल्यावर वर्ग उरला नाही, म्हणून मी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. दिवाळीच्या आवराआवरीत आमची सौभाग्यवती स्टुलावर चढून गॅसमागच्या टाइल्स खरवडत असते आणि मी खाली उभा राहून तिला त्या चिकट थराचं रसायन समजावतो. स्टूल मीच धरलेलं असतं, हे नम्रपणे नमूद करतो.

"हा नुसता तेलकटपणा नाही, हे व्हार्निश आहे."

"असू द्या. घासणीनं निघतं का नाही, तेवढं सांगा."

तेवढंच सांगून थांबणारा मास्तर मराठवाड्यात अजून जन्मायचाय. त्यातून करडईचा विषय निघाला की मला कोणी आवरू नये. पूर्वी आमच्याकडे घरोघर घाण्याचं करडई तेल असायचं. या तेलात लिनोलिक आम्ल शंभरात सत्तरच्या वर. असलं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि पातळ तेलाचा आधी डिंक होतो, मग कातडं. जवस याहून पुढचा. त्याच्या तेलात रंग खलून युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं चित्रं काढली. करडईचं तेल वाळल्यावर जवसाएवढं पिवळं पडत नाही, म्हणून पांढऱ्या रंगासाठी ते वापरतात. म्हणजे ज्या जातीच्या तेलात तिकडे राजेरजवाडे रंगवले गेले, त्याच जातीच्या तेलात माझ्या आईनं फोडणीच्या भिंतीवर हयातभर काम केलं. प्रदर्शन तेवढं भरलं नाही.

करडई काढणं म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही. पानापानाला काटा. पहाटेच्या दवानं काटे जरा नरमलेले असतात तेवढ्यात, हातापायाला चिंध्या बांधून कापणी उरकायची. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखे वाण काढले, पण काट्यात हात घालणारी माणसं त्यांनी कुठून आणावीत? शिवारं सोयाबीननं भरली. सोयाबीनचं तेलही त्याच कुळातलं, त्यामुळे टाइल्सना काही फरक पडला नाही. (हे सगळं मी स्टूल धरूनच बोललो. वरून एकदा "हूं" आलं. ते घासणीचं नव्हतं, याची मला जवळजवळ खात्री आहे.)

मला खरा राग येतो तो त्या बोटाचा. पाहुणीबाई पाणी प्यायच्या निमित्तानं आत शिरते, फळीवरच्या डब्याच्या झाकणावरून बोट फिरवते, अंगठ्याला घासून बघते आणि बाहेर येऊन नुसती गप्प बसते. त्या गप्प बसण्यातून घरच्या बाईचं वळण, तिच्या आईचं वळण, सगळ्यांचा निकाल लागतो. अहो, त्या झाकणावर जे बसलंय ते तुमच्याच भज्यांचं तेल आहे! ज्या घरी चार माणसं येतात, तळण होतं, तिथलेच डबे चिकटतात. माझ्या आईनं आयुष्यभर या बोटाची धास्ती घेतली. वडील वारले तेव्हा तेराव्याच्या आदल्या रात्री ती डबे घासत बसली होती. मी पाहिलं आणि झोपायला गेलो. कोणत्याच बोटानं आमच्यावर, म्हणजे घरातल्या बापयांवर, कधी निकाल दिला नाही.

असो. उपाय. वाळलेल्या थरावर आधी थोडं गोडंतेल चोळून तासभर ठेवावं. जुना थर नव्या तेलानं ढिला पडतो. मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून, त्यात भिजवलेलं फडकं वर दाबून धरावं. जर्मनच्या डब्याला सोडा लावू नये, डबा काळा पडतो. साखरेचा पाक सांडला असेल तर काही करू नये, गरम पाण्याचं फडकं पसरून चहा प्यावा. पाक आपोआप विरघळतो.

राहिली हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या जिल्ह्यात तरी पिवळ्या डागाकडे आदरानं बघायला हवं. त्यातलं कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही आणि सोडा-साबण लागताच लाल होतं. हळदीला चुना देऊन कुंकू करतात ते याच गुणावर. मी ओट्यावर सोडा टाकून हा चमत्कार दाखवला.

"डाग काढायला सांगितला होता," ती म्हणाली, "सवाष्ण करायला नाही."

कपड्यावरचा किंवा प्लॅस्टिकच्या डब्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात ठेवला की उडतो. हिंगोलीच्या उन्हाचा एवढा एक उपयोग आहे. ओटा उन्हात नेता येत नाही, तिथे स्पिरिटचा बोळा फिरवावा. गॅस बंद करून.

आणि वाचकहो, शहाबादी फरशीवरच्या डागावर कोणी लिंबू पिळायला सांगितलं तर ऐकू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबानं फेस येतो, तो डागाचा नसतो, फरशीचा असतो.