खातेबदल

आमच्या घरात माझ्या तब्येतीचं खातं पहिल्यापासून बायकोकडे. माझा रक्तगट तिला पाठ, माझ्या गोळ्या तिच्या पर्समध्ये, आणि डॉक्टरांनी "कुठे दुखतंय?" विचारलं की मी सवयीने तिच्या तोंडाकडे बघतो. पन्नाशी उलटल्यावर मात्र माझा स्वाभिमान जागा झाला आणि मी हे खातं माझ्याकडे मागून घेतलं. तिने ते इतक्या आनंदाने दिलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिला प्रश्न जेवणाचा. २०१८-१९च्या सुमारास मराठी घरांत दोन तट पडले होते, आठवतंय ना? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगायचे, दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगायच्या, थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा, घरच्या तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत यावरून भावकी फुटायची वेळ आली होती. आमच्याकडे मेहुणा दीक्षित, सासूबाई दिवेकर. मी पडलो समन्वयवादी. त्यामुळे घरी मी दोनदाच जेवायचो, पण समोर घड्याळ ठेवून, पंचावन्नावं मिनिट संपेपर्यंत ताटावरून न उठता. आणि ऑफिसात दर दोन तासांनी थोडं थोडं खायचो, फक्त दिवेकरांच्या यादीतलं केळं आणि शेंगदाणे आमच्या कँटीनमध्ये मिळत नसल्यामुळे नाइलाजाने समोसा. घरी दीक्षित, ऑफिसात दिवेकर. वजन दोघांनाही न जुमानता वाढलं.

मग रक्त तपासायचं ठरलं. तपासणीच्या आधी दोन दिवस साखर बंद, चहा बिनसाखरेचा, रात्री फक्त मुगाची खिचडी, असा चोख बंदोबस्त करून मी हात पुढे केला. एचबीए१सी नावाची ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते, हे मला रिपोर्ट आल्यावर कळलं. मधल्या काळात गणपती येऊन गेले होते. आकडा आला ६.१. म्हणजे ५.७ ते ६.४ या उंबरठ्यावरच्या मधुमेहाच्या पट्ट्यात मी मधोमध बसलो होतो. लोकलमध्ये मला इतकी ऐसपैस जागा आजवर मिळालेली नाही.

उपाय म्हणून दुधीचा रस. मिक्सरचं झाकण नीट न लावल्यामुळे निम्मा रस ओट्यावर आणि उरलेला माझ्या सदऱ्यावर गेला, तरी पेलाभर वाचलाच. एक घोट घेतला. कडूजहर. कडू म्हणजे गुणकारी, या वाडवडिलांच्या श्रद्धेने मी डोळे मिटून पेला पुन्हा तोंडाला लावणार, एवढ्यात बायकोने तो हातातून काढून मोरीत ओतला. "अहो, दुधी कडू निघाला तर टाकून द्यायचा असतो. विषबाधा होते!" खरंच होते, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत. जे दुधीला पाच मिनिटांत जमलं असतं, त्यासाठी माझे समोसे वर्षानुवर्षं खपत होते.

चालण्यासाठी बोरिवलीचं नॅशनल पार्क होतंच. कान्हेरीच्या रस्त्यावर एक सत्तरीचे आजोबा मला मागे टाकून गेले आणि मी दम खात उभा असतानाच परतही आले. रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं, तर जिना चढून आल्या आल्या, बायकोशी वाद घालत घालत मोजला. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. यंत्राच्या डब्यातल्या कागदावर तसं लिहिलेलंही होतं, पण कागद वाचायचं खातं अजून तिच्याकडेच होतं.

शरीराचं हे असं. मनाचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांत आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत सात पुरुष आहेत, आणि आपण एकमेकांना काय विचारतो, तर शेअर बाजार आणि विराटचा फॉर्म. हे बदलायचं म्हणून आमच्या डब्यातल्या विंडो-सीटवाल्याला, ज्याच्यासोबत मी वर्षानुवर्षं बोरिवली ते चर्चगेट करतोय, एकदा अंधेरी गेल्यावर हळूच विचारलं, "काय रे, बरा आहेस ना? म्हणजे आतून?" तो सावध झाला. म्हणाला, "या महिन्यात माझंच जरा टाइट आहे."

त्याला वाटलं, मी उसने मागतोय.

शेवटी, झोप उडाली होती माझीच, म्हणून रात्री दोन वाजता गॅलरीत जाऊन सरकारच्या टेलि-मानस या मनाच्या हेल्पलाइनला फोन केला. बाईंनी मराठीत अगदी आपुलकीने विचारलं. म्हटलं, माझ्या एका मित्राला झोप येत नाही. "जेवण होतं का त्यांचं नीट?" म्हटलं, हो, पंचावन्न मिनिटं. "ते कोणाशी बोलतात का?" इथे मी बराच वेळ गप्प झालो, आणि मग मित्राबद्दल जे बोलत सुटलो, ते आतून बायकोने "अहो, कोणाशी बोलताय एवढं?" म्हणेपर्यंत.

नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. मित्राच्या नावाने केलात तरी चालतो.