मूर्खांच्या नावानं चांगभलं

टेक्स्ट एडिटरला मराठी नीट कळावी म्हणून जीव टाकणारी माणसं मूर्ख असतात, असं शहाणी माणसं सांगतात. त्यांच्याकडे कारणंही आहेत. या कामाला बहुतेकदा पगार नाही, बढती तर नाहीच. प्रोग्रामिंग इंग्रजीत चालतं, नोकरी इंग्रजीवर मिळते आणि ज्याला मराठीची हौस आहे त्याच्यासाठी वेगळं प्लगिन असतंच. मग एडिटरच्या गाभ्यात हात घालून डोकेफोड कशाला करायची? मला या मूर्खांची मनापासून स्तुती करायची आहे, आणि त्यासाठी जोतिबाच्या डोंगरावरून सुरुवात करणं योग्य होईल.

समजा, त्या डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीतल्या एका मुलीनं घरच्या नारळ-गुलालाच्या दुकानाचा हिशेब पायथॉनमध्ये लिहायला घेतला. 2008 साली आलेल्या पायथॉन 3 पासून प्रोग्राममधली नावं मराठीत ठेवता येतात. म्हणून ती ‘नारळाचा_भाव’ लिहिते, ‘गुलालाची_पोती’ लिहिते. थोड्या ओळींनंतर ती नुसतं ‘नार’ टाइप करते. एडिटरनं पुढचं नाव आपणहून सुचवायला हवं.

पण त्याच ओळीत आधी तिनं ‘जोतिबा’ लिहिलेलं आहे. आपल्या डोळ्यांना ही तीन अक्षरं. युनिकोडच्या लेखी ज, ओकार, त, इकार, ब आणि काना अशी सहा चिन्हं. फाइल ज्या यूटीएफ-8 पद्धतीनं साठवली जाते तिच्यात प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे एकूण 18 बाइट. आता कर्सर नेमका कुठं आहे, हे एडिटर पायथॉनच्या भाषासर्व्हरला, म्हणजे सूचना पुरवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामला, कळवतो. दोघांची लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल नावाची बोली ठरलेली आहे आणि तिचं मूळ माप यूटीएफ-16 चं, त्यात हा शब्द सहा भरतो. एडिटर लिहिणाऱ्यानं बाइट मोजून 18 कळवले, की एका शब्दात बारा घरांचा फरक पडला. सूचना भलतीच येते नाहीतर येतच नाही, आणि चूक दाखवणारी लाल रेघ निर्दोष शब्दाखाली उमटते. साध्या इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक चिन्ह आणि एकच बाइट. तिथं हा दोष जन्मभर झाकलेला राहतो. तो उघडा पाडायला जोतिबाचं नाव लिहावं लागतं.

शहाणा माणूस त्या मुलीला सांगेल, नावं इंग्रजीत दे आणि मोकळी हो. मूर्ख माणूस माप दुरुस्त करायला बसतो. अशा मूर्खांच्या चिकाटीमुळेच या प्रोटोकॉलच्या 2022 मधल्या 3.17 आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर यांना कोणत्या मापानं मोजायचं हे आपसांत ठरवता येऊ लागलं. हा प्रोटोकॉल स्वतःदेखील अशाच उपद्व्यापातून आलेला. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी तो खुला केला. त्याआधी दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे जोडण्या कराव्या लागत. आता तीस पुरतात. धंद्याच्या हिशेबानं हे गुपित जपून ठेवण्यातच फायदा होता.

त्याहून मोठा मूर्खपणा म्हणजे हे सगळं एडिटरच्या पोटातच घालणं. ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थानं 1991 मध्ये विम हा एडिटर लोकांच्या हाती दिला, फुकट. ज्याला काही द्यावंसं वाटेल त्यानं युगांडातल्या किबाले इथल्या मुलांना मदत करावी, एवढंच त्यांचं मागणं. 2006 च्या विम 7 मध्ये त्यांनी कोड कम्प्लीशन, म्हणजे पुढचं नाव सुचवणं, आणि शुद्धलेखन-तपासणी अंगभूत केली आणि ऑगस्ट 2023 मध्ये निधन होईपर्यंत विमचं काम सोडलं नाही. त्याच 2023 मध्ये ईमॅक्स या एडिटरच्या 29 व्या आवृत्तीबरोबर भाषासर्व्हरशी बोलणारा एग्लॉट आतच येऊ लागला. निओविम या आणखी एका एडिटरनं 2021 मध्ये अशी सोय आत घेतली होती; 2025 च्या 0.11 आवृत्तीत टाइप करता करता आपोआप सुचवणंही आलं.

आतच का, असं विचारणाऱ्याला उत्तर त्या मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर मिळेल. प्लगिन शोधायला आधी ते असतं हे माहीत हवं, मग इंटरनेट हवं, ते बिघडलं की दुरुस्त करणारं ओळखीचं कुणी हवं. पेटी उघडल्यावर जे आत निघतं तेच नवशिक्याच्या वाट्याला येतं. गाभ्यात सोय घालणारा माणूस ज्याला कधी भेटणार नाही अशासाठी राबत असतो.

मराठीच्या वाटेवर अजून बरंच राबायचं आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली 2008 मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन भागवत होते आणि अनेक कळफलक आजही तेच करतात. ‘दऱ्या’मधला र देखील दोन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी लिहिला जातो. पडद्यावर फरक दिसत नाही, पण एडिटर चिन्हं जुळवून पाहतो. एकीकडून साठवलेलं नाव दुसरीकडून टाइप केलं की त्याला सापडत नाही. गो या भाषेत तर ‘जोतिबा’ हे नाव आजही देता येत नाही, कारण तिथं नावात काना-मात्रा चालत नाहीत.

शब्द पुरे करण्याचंही तसंच. डोंगर, डोंगराला, डोंगरावर, डोंगरावरच्या, डोंगरावरूनसुद्धा: एवढी रूपं यादीत एकेक करून भरत बसलं तर यादी संपायची नाही. मूळ शब्द आणि त्याला लागणारे प्रत्यय वेगळे ठेवून नियम लिहावे लागतात. प्रत्ययांची अशीच रेलचेल असलेल्या हंगेरियनसाठी लास्लो नेमेथ यांनी हनस्पेल हे शुद्धलेखन तपासणारं साधन रचलं, आणि त्याच साच्यात मराठीचे नियम बसवता येतात. बुडापेस्टच्या भाषेसाठी केलेला खटाटोप कोल्हापूरच्या कामी येतो, ही मूर्खपणाची पोच.

चैत्र पौर्णिमेला गावोगावचे लोक उंचच्या उंच सासनकाठ्या घेऊन जोतिबाचा डोंगर चढतात. काठी एकजण तोलतो, पण ती उभी राहते ती चहूबाजूंनी दोर ताणून धरणाऱ्यांमुळे. एडिटरमधल्या मराठीला नेमके हे दोर धरणारे हात कमी पडतात, आणि तो दोर धरायला मोठा प्रोग्रामर असावं लागत नाही.

म्हणून ज्यांना शहाणंच राहायचं आहे त्यांनी इंग्रजी नावं देऊन सुखी व्हावं. ज्यांना मूर्ख व्हायचं आहे त्यांनी आज आपल्या एडिटरमध्ये एक ओळ मराठीत लिहावी, तिच्यापुढं कर्सर नेऊन कम्प्लीशन मागावं, आणि चुकलं तर काय टाइप केलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं, हे तीन वाक्यांत तो एडिटर घडवणाऱ्यांना कळवावं. चाचणीसाठी ती ओळही जोडून द्यावी. एकदा ती चाचणी गाभ्यात गेली, की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला मराठी ओलांडूनच बाहेर पडावं लागेल.