पंचकल्याणीच्या पायातल्या पाहुण्यास

श्री. रा. रा. जिवाणू डर्माटोफिलस काँगोलेन्सिस यांस,
मुक्काम : घोड्याचा पाय, खुराच्या जरा वर, जिल्हा बुलढाणा.

सा. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्यात पाऊस वेळेवर येत नाही, पीककर्ज वेळेवर मिळत नाही आणि पीकविम्याचं तर बोलायलाच नको. आपण मात्र आषाढ लागला की हजर. या वक्तशीरपणाबद्दल अभिनंदन.

१९१५ साली बेल्जियन काँगोत व्हॅन सासेगेम यांनी गुरांच्या कातडीवर आपल्याला गाठलं आणि हे भारदस्त नाव दिलं. आमच्याकडे कुणी एवढं कौतुक करत नाही. ‘पाय फुटले’, ‘खवडे आले’ एवढ्यावर भागतं.

आपली आवडनिवड मात्र आमच्याशी तंतोतंत जुळते. वरातीसाठी घोडा घ्यायला सारंगखेड्याच्या बाजारात गेलेला माणूस पांढराशुभ्र नुकरा शोधतो, नाहीतर चार पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी. त्या शुभ पायांचे पैसेही जास्त देतो. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी ओलीने लवकर फुटते, हे शुभलक्षणांच्या यादीत कुणी लिहून ठेवलेलं नाही. पैसे आम्ही मोजायचे, पंगत आपली.

मुहूर्तही आपण अचूक साधता. देवशयनीला देव निजतात, लग्नं थांबतात, घोडा घरी बसतो. कमाई थांबली की खराराही थांबतो. शेगाव-नांदुऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यातली काळी माती पाणी सोडायला तयार नसते आणि त्या रेंद्यात जनावर दिवसचे दिवस उभं. एरवी आपली शूरवीर म्हणून ख्याती काय सांगावी! धडधाकट, कोरड्या कातडीत आपल्याला शिरता येत नाही. ती भिजून मऊ पडलेली हवी, कुठेतरी खरचटलेली हवी. मग आपली पोहणारी पिल्लावळ कातडीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत आत जाते. चिकट पाणी झरतं, खपली धरते, ओढली तर केसांच्या झुपक्यासकट निघते. पाय सुजतो, घोडा लंगडतो.

यजमानांचे आभार मात्र आपण मानलेले दिसत नाहीत. किती झटतात बिचारे! कुणी जळकं ऑइल चोपडतो, कुणी डिझेल. कुणी खपल्या कोरड्याच खरवडून तबेल्यात टाकतो, त्यात आपण महिनोन्‌महिने सुखाने पडून राहता. एकच खरारा सगळ्या घोड्यांवर फिरतो, म्हणजे आपल्या प्रवासाचीही सोय. आणि वर, “आमी तं रोज दोन्ही टाइम पाय धुतो जी, तरी बी फुटतेच!” धुतो, हे खरं. पुसत कुणी नाही. ओला पाय परत त्याच चिखलात.

टाकळीकर गोविंदबुवांच्या द्वाड घोड्याच्या चार पायांत गजानन महाराज निजले आणि तो शांत झाला, ही गोष्ट शेगावात शेंबडं पोरही सांगेल. आज पायाला हात लावताच लाथ झाडणाऱ्या घोड्याला आम्ही झटकन द्वाड ठरवतो आणि चाबूक काढतो. खपलीखाली केवढा ठणका असतो ते आपल्याला माहीत, पण आपण कशाला साक्ष द्याल?

आता थोडी गैरसोयीची बातमी. काही तबेल्यांत चिखल ओला असताना पाय धुणं बंद झालंय. तो वाळू देतात, मग ब्रशने झाडतात. आपण मुक्काम केलाच, तर केस कापतात, खपल्या कोमट पाण्याने भिजवून मऊ करतात, सुटतील तेवढ्याच हळूच काढतात आणि जाळून टाकतात. क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून लावतात, दहाएक मिनिटं राहू देतात, धुतात. आणि मग, जरा बसून घ्या, स्वच्छ टॉवेलने पाय टिपतात. खुरामागच्या घडीघडीतून, अगदी कोरडा होईपर्यंत. उभं राहायला मुरमाचा उंच ओटाही केलाय. जखम खोल असेल तर पेनिसिलीन आहेच, पण ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, मेडिकलवाला नाही.

दरवेळी आपलंच नाव पुढे येतं असंही नाही. पायाला खरजेचे किडेही लागतात, माश्यांनी आणलेल्या अळ्यांच्या जखमाही चिघळतात. म्हणून पाय बरा होईना तर डॉक्टर खपली सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तिथे आपले गोल गोल पेशींचे दाणे मलकापूर-शेगावच्या रुळांसारखे शेजारी शेजारी धावताना दिसले, की ओळखपरेड संपली.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
टॉवेलधारी बुलढाणेकर

ता. क. — खपल्या काढणाऱ्या माणसाच्या हातावर उतरण्याचीही आपल्याला सवय आहे असं समजलं. रबरी हातमोजे आणलेत.