एवढाच चढ

अलिबागहून गोव्याला किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर जायचं म्हटलं की नवख्याला वाटतं, उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला माड आणि मधून सपाट रस्ता. नकाशातही तसंच दिसतं. नकाशात सडे दिसत नाहीत. कोकणात थोडं पुढे गेलं की एक खाडी आडवी येतेच. रस्ता घसरत धक्क्यापर्यंत येतो, फेरीबोटीत बसून पलीकडे जातो आणि बोटीतून उतरल्या उतरल्या जांभ्याच्या सड्यावर चढायला लागतो. सडा संपला की पुन्हा उतार, पुन्हा खाडी. दोन-तीन दिवसांच्या चढांची बेरीज केली तर कळसूबाईची १६४६ मीटर उंची कधीच मागे पडलेली असते, आणि माणूस संध्याकाळी बघावा तर परत समुद्रसपाटीलाच.

असल्या रस्त्यावर मदतनिधीची सायकलफेरी काढायची तर ग्रुपात एक काका लागतात. हे काका प्रत्येक फेरीत असतात. नाव बदलतं, गाव बदलतं, हेल्मेटखालचा चौकड्यांचा रुमाल तोच. आमचे काका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. बाकीच्यांच्या कार्बनच्या सायकली करंगळीवर उचलता येतील अशा, काकांची मात्र हायब्रिड. तिला स्टँड, घंटी, मागे कॅरिअर आणि कॅरिअरवर एक पिशवी. पिशवीत खजूर, राजगिऱ्याचे लाडू, पंक्चरचं किट आणि पावतीपुस्तक. पिशवी हरवली तर काका आधी काय शोधतील, याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही.

काकांचं एकच वाक्य आहे : ‘‘एवढाच चढ. मग सगळा उतार.’’

हे वाक्य ते आगरदांड्याहून दिघीला उतरल्यावर बोलतात. बागमांडल्याची बोट वेसवीला लागली की बोलतात. दाभोळहून धोपाव्याला उतरून गुहागरकडे निघताना तर वर बघतसुद्धा नाहीत, चढाकडे पाठ करून बोलतात. खोटं म्हणाल तर ते खोटं नाही. प्रत्येक चढानंतर उतार येतोच. उतारानंतर काय येतं, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

कर्ज विभागात तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : एकूण रक्कम सांगितली की माणूस खुर्चीवरून उठतो, हप्ता सांगितला की सही करतो. काका चढसुद्धा हप्त्यानेच देतात. ‘‘त्या विजेच्या खांबापर्यंत चल. हां, आता ती काजूची झाडं दिसतात ना, तिथे पाणी पिऊ.’’ काजूच्या झाडांपाशी पाणी पिताना काका सहज म्हणतात, ‘‘अरे, तो चिऱ्यांचा ढीग आहे तिथून वारा लागतो बघ.’’ चिऱ्यांच्या ढिगापर्यंत पोचलेला माणूस मागे वळत नाही, कारण आता मागे जायचं तर एवढं सगळं उतरून पुन्हा चढायचं. मुद्दल असंच वसूल होतं.

ग्रुपात एक बीआरएमवाला होता. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांच्या आत संपवणारी ही जमात. हँडलवर स्क्रीन लावलेला, त्यात पुढचा चढ किती लांब, किती टक्के, हे लाल-पिवळ्या रंगांत दिसतं. आरे-वारेच्या अलीकडे त्याने प्रामाणिकपणे जाहीर केलं, ‘‘पुढे दोन चढ आहेत, दोन्ही खडे.’’ तीन जण तिथल्या तिथे उतरून सपोर्ट गाडीकडे बघायला लागले. काकांनी त्याला बाजूला घेतलं. ‘‘बाळा, तुझ्या यंत्रात सगळं खरं असतं, मान्य. पण ते तू वाचायचं. मोठ्याने कशाला?’’

मालगुंडच्या पुढे एकदा पंचाईत झाली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका आजींना आमच्यातल्या एका पोरीने थेटच विचारलं, ‘‘आजी, पुढे चढ आहे का हो?’’

‘‘हाय ना. दोन घाट्या हायत. दुसरी मोठी.’’

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका शांत. ‘‘आजी डोक्यावर भारा घेऊन जातात, म्हणून त्यांना दोन वाटतात. आपल्याला एकच आहे.’’ आजींनी भारा सावरत एकदा काकांकडे, एकदा त्यांच्या पिशवीकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे निघाल्या. पहिल्या घाटीच्या माथ्यावर आम्ही धापा टाकत बसलो होतो तेव्हा त्या आम्हाला ओलांडून गेल्या. भारा तसाच.

पैसे कशासाठी गोळा करायचे होते तेही सांगायला हवं. सड्यावरच्या वाड्यांतून खालच्या हायस्कूलला मुली चालत येतात. सातवीपर्यंतची शाळा वाडीजवळ असते, आठवीपासून लांब. लांब म्हणजे पुन्हा तोच चढ, फक्त संध्याकाळी आणि पाठीवर दप्तर. त्या मुलींना सायकली द्यायच्या होत्या. आम्ही तरुण मंडळींनी त्यासाठी पोस्टर केलं, समुद्रावर मावळता सूर्य आणि त्यापुढे एक काळी सायकल. त्याला खूप बदाम आले. पैसे काकांनी आणले.

ते कसे आणले, तर सायकल केवढ्याला पडते हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सोसायटीतल्या प्रत्येकाला ते म्हणाले, ‘‘मी चालवीन त्या किलोमीटरला फक्त एक रुपया.’’ एक रुपयाला नाही म्हणणारा माणूस सोसायटीत राहू शकत नाही. फेरी पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून लोकांनी मनात पाचशे धरले. पण काका सरळ रेषेत चालवत नाहीत. चढ चढून झाला की ते परत खाली उतरतात, सर्वांत मागे राहिलेल्याला घेऊन पुन्हा चढतात. आम्ही याला माणुसकी म्हणायचो. रत्नागिरीच्या मुक्कामी त्यांनी मोबाईलवर दिवसाचं अंतर दाखवलं तेव्हा ते आमच्यापेक्षा बरंच जास्त निघालं आणि काकांनी ते तिथल्या तिथे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. माणुसकी होतीच, शिवाय ती मोजलेली होती.

पावतीच्या बाबतीत मात्र काटेकोर. ‘‘रोख दोन हजारांच्या वर देऊ नका, ८०जीची सवलत मिळत नाही. चेक द्या, नाहीतर ऑनलाइन.’’ एक आयटीवाला म्हणाला, काका, मी नव्या कररचनेत आहे, मला ८०जी मिळतच नाही. काकांनी पावती फाडता फाडता उत्तर दिलं, ‘‘पुण्य दोन्ही कररचनांत मिळतं.’’

रोज रात्री काकूंचा फोन यायचा. मोबाईल स्पीकरवर ठेवून काका मांड्यांना तेल चोळत असायचे, त्यामुळे आम्हा सर्वांनाच ऐकू यायचा. एकदा कुणीतरी मध्येच ओरडलं, ‘‘काकू, काका आम्हाला रोज सांगतात, एवढाच चढ म्हणून!’’ तिकडून शांतपणे उत्तर आलं, ‘‘मला लग्नात म्हणाले होते, एवढी दोनच वर्षं चाळीत. सव्वीस काढली.’’ काका तेल चोळत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘शेवटी फ्लॅट झाला की नाही?’’ फोन बंद झाल्यामुळे याचं उत्तर कळलं नाही.

या माणसाचा राग येतो का? चढावर येतो, भयंकर येतो. तावसाळहून जयगडला उतरल्यावरच्या चढात मी काकांबद्दल जे बोललो ते माझ्या घरी कुणाला कळू नये. पण एक पाहिलं आहे. सगळं खरंखरं सांगणारे कप्तान असतात ना, त्यांच्या फेरीत तिसऱ्या दिवशी अर्धी माणसं एसटीने परत जातात. काकांच्या फेरीत लोक शिव्या देत का होईना, गोव्याला पोचतात.

गोव्याला पोचण्याआधी, सायकलींच्या हिशेबासाठी, आम्ही त्या हायस्कुलात थांबलो. मुख्याध्यापकांनी सोलकढी दिली, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, आमच्यातल्या एकाने भाषण लांबवलं. मग यादी आली. यादीत मुली सत्तावीस, जमलेल्या पैशांत बसणाऱ्या सायकली एकवीस. मुख्याध्यापक संकोचून म्हणाले, ‘‘एवढं केलंत हेच खूप, बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघू.’’

काकांनी सोलकढीचा पेला खाली ठेवला, यादी घेतली, एकवीस नावांखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि खालची सहा नावं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. मग बीआरएमवाल्याला विचारलं, ‘‘बाळा, इथून गोवा नेमकं किती रे? आणि जरा वळसा घालून गेलो तर?’’