लिलावात कसे निघावे?

आपल्याकडे एखाद्याचं घर लिलावात निघालं की तो माणूस चार दिवस गल्लीत तोंड दाखवत नाही. तुझं नाव लिलावात निघालं की मात्र तुझे वडील पेढे वाटतील. हा फरक आधी नीट समजून घे, मग पुढचं वाच.

ही मार्गदर्शिका आयपीएलच्या लिलावात प्रथमच नाव घालणाऱ्यांसाठी आहे. फलंदाजी कशी करावी, यॉर्कर कसा टाकावा हे तुझ्या सरांना विचार. इथे शिकवायचंय ते एवढंच, की आपण कोणत्या संघाच्या पदरात पडावं. त्याबाबत तू काहीही करू शकत नाहीस. मार्गदर्शिका खरं तर इथेच संपते, पण एवढ्याशा मजकुराचं मानधन कोण देणार? म्हणून थोडं विस्ताराने.

पूर्वतयारी म्हणून एकदा लासलगावच्या बाजार समितीत जाऊन ये. कांद्याची ट्रॉली उभी असते, शेजारी शेतकरी उभा असतो, व्यापारी चार कांदे हातात घेऊन दाबून बघतात आणि भाव पुकारला जातो. कांदा चांगला आहे की नाही हा प्रश्न असतोच, पण त्या सकाळी कुणाचं गोदाम भरलंय आणि कुणाला संध्याकाळपर्यंत गाडी भरायचीच आहे, हाही असतो. कांद्याचं मत कुणी विचारत नाही. अर्धा दिवस तिथे उभा राहिलास तर निम्मा अभ्यासक्रम झाला समज.

गोदामाचा मुद्दा नीट ध्यानात ठेव. मार्च २००८ मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने मलेशियात विश्वचषक जिंकला. त्या मुलांसाठी आयपीएलने बोली ठेवली नाही, ड्राफ्ट ठेवला. मानधन ठरलेलं, संघांनी पाळीपाळीने एकेक मुलगा उचलायचा. विश्वविजेत्या संघाचा कर्णधार दिल्लीचा, घरचा मुलगा. दिल्लीची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज उचलला. आज यावर हसणं सोपं आहे, पण दिल्लीकडे तेव्हा सेहवाग होता, गंभीर होता, डिव्हिलियर्स होता. फलंदाजांचं गोदाम भरलेलं. कर्णधार मुलगा बंगळुरूच्या वाट्याला गेला. त्याचं नाव विराट कोहली.

आता तू म्हणशील, कोहली कुठेही गेला असता तरी कोहलीच झाला असता. असेल. पण पहिल्या हंगामात त्याने तेरा सामन्यांत १६५ धावा केल्या, सरासरी पंधरा. बंगळुरू त्या वर्षी आठ संघांत सातवं आलं. पडझड झालेल्या घरात पोराच्या हातून एखादी कपबशी फुटली तर कुणाचं लक्ष जात नाही. सेहवाग-गंभीरच्या दिल्लीत त्या सरासरीवर त्याला तेरा सामने मिळाले असते, असं मला तरी वाटत नाही. मात्र त्याच घराने त्याला दुसरीही एक गोष्ट दिली: टोमणा. २०१६ मध्ये त्याने एका हंगामात ९७३ धावा केल्या, संघ अंतिम सामना आठ धावांनी हरला आणि लोकांनी विचारलं, कप कुठाय? हा प्रश्न जून २०२५ मध्ये कप येईपर्यंत चालू राहिला. अठरा हंगाम. धावा त्याच्या, ट्रॉफीचं रिकामं कपाट संघाचं, पण विचारणा त्यालाच.

यापुढचा धडा सगळ्यांत महत्त्वाचा. संघ तुला विकत घेतो तेव्हा एक क्रमांकही देतो. जर्सीवरचा नव्हे, फलंदाजीचा. सूर्यकुमार यादव हा मुंबईचा मुलगा. २०१२ मध्ये मुंबईने त्याला एक सामना दिला, त्यात शून्य. मग २०१४ ला कोलकात्याने घेतला. तिथे वर गंभीर आणि उथप्पा, त्यांच्यामागे मनीष पांडे, युसूफ पठाण. सूर्या यायचा तो सहाव्या-सातव्या क्रमांकावर, चार षटकं उरलेली असताना. चार हंगामांत मिळून धावा सहाशेच्या आसपास. लोक म्हणू लागले, चांगला आहे, शेवटी येऊन दोन चौकार मारतो. म्हणजे लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा. २०१८ ला मुंबईने त्याला ३ कोटी २० लाखांना परत आणला आणि वर पाठवला. त्या एका हंगामात ५१२ धावा. फटके तेच होते, मागे वाकून मारायची ती लकब तीच होती. भारतासाठी पहिला सामना मात्र तो मार्च २०२१ मध्ये खेळला, तिशी उलटल्यावर. मुंबईने त्याला २०१२ सालीच वर पाठवलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब चहाच्या टपरीवर रोज होतो. तूही करून बघ. फुकट आहे.

तेव्हा व्यवस्थापनाने विचारलं, ‘कुठल्या क्रमांकावर खेळशील?’ तर ‘संघ सांगेल तिथे’ असं म्हणायची पद्धत आहे. तसंच म्हण. मग रात्री खोलीत एकटा असताना हळहळ.

बाकाविषयी. काही घरं नवख्याला बाकावर बसवून विसरतात, काही बसवून ठेवतात पण लक्षात ठेवतात. बाहेरून दोन्ही बाकं सारखीच दिसतात, हीच पंचाईत. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेल्या ऋतुराज गायकवाडला चेन्नईने वीस लाखांना घेतलं आणि २०१९ चा अख्खा हंगाम बसवून ठेवलं. २०२० ला दुबईत पोहोचला तर कोविड झाला. बरा होऊन मैदानात उतरला: ०, ५, ०. मधल्या काळात खुद्द धोनीने जाहीरपणे सांगून टाकलं, की आमच्या तरुणांत ती ठिणगी दिसली नाही. दुसऱ्या एखाद्या संघात इथे सामान बांधायला घेतलं असतं. पण चेन्नई त्या वर्षी स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच बाद फेरीबाहेर पडत होती, त्यामुळे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोराला सलामीला ठेवलं. शेवटच्या तीन सामन्यांत तीन अर्धशतकं. पुढच्या वर्षी ६३५ धावा, ऑरेंज कॅप आणि विजेतेपद. २०२४ ला कर्णधारपद. यात त्याचा संयम किती आणि संघ रडकुंडीला आला होता याचा वाटा किती, ते तूच ठरव.

किमतीचं प्रकरण लहान आहे. जास्त किंमत आली तर घाबर. जयदेव उनाडकटला राजस्थानने २०१८ ला साडेअकरा कोटींना घेतलं, सोडलं, ८ कोटी ४० लाखांना घेतलं, पुन्हा सोडलं, मग ३ कोटींना घेतलं. मुलगा तोच, दुकान तेच, दरवर्षी सेल. त्याने टाकलेल्या चेंडूंपेक्षा हे तीन आकडेच लोकांच्या जास्त लक्षात आहेत.

कमी किंमत आली तर? डिसेंबर २०२३ मध्ये दुबईला पंजाबने शशांक सिंगला वीस लाखांना घेतलं आणि हातोडा पडल्यावर टेबलावर कुजबुज सुरू झाली, की हा तो नव्हेच! यादीत एकाच नावाचे दोघं होते. परत करता येत नाही, असं सांगण्यात आलं. पुढे संघाने जाहीर केलं, की आम्हाला हाच हवा होता. चार महिन्यांनी अहमदाबादला याने २९ चेंडूंत नाबाद ६१ करून सामना काढून दिला, तेव्हा मात्र त्या विधानावर सगळ्यांचाच विश्वास बसला. पुढच्या वेळी पंजाबने त्याला साडेपाच कोटी देऊन ठेवून घेतलं. नाव जरा सर्वसाधारण असलेलं बरं.

आपणच संघ निवडावा असा विचार मनात आला तर तो झटक. रवींद्र जडेजाने करार बाजूला ठेवून बाहेर बोलणी करून पाहिली आणि शिक्षा म्हणून २०१० चा पूर्ण हंगाम घरी बसला. संघांना मात्र आपापसांत तुझी अदलाबदल करता येते.

प्रेक्षकांकडून फार अपेक्षा ठेवू नकोस, ते तुला कपड्यांवरून ओळखतात. हार्दिक पंड्याला मुंबईने दहा लाखांत घेऊन मोठा केला. तो गुजरातला जाऊन कप जिंकून कर्णधार म्हणून मुंबईत परतला, तर एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. जूनच्या अखेरीस त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर. मधे फक्त जर्सी बदलली होती. आम्हा पुणेकरांचंही सांगून टाकतो. डिसेंबर २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पुण्याने पहिला खेळाडू म्हणून धोनीला उचललं. तो दोन वर्षं आमचा होता, त्यातलं एक वर्ष कर्णधार. चेन्नई त्याला थाला म्हणते. आम्ही त्याला काय म्हणायचो, हे आठवणारा पुणेकर मला अजून भेटलेला नाही. संघही आता नाही.

आता अर्जाकडे वळू. त्यात पायाभूत किंमत तुझी तू ठरवायची असते. भारतासाठी न खेळलेल्याला सध्या कमीत कमी तीस लाख. तो आकडा नीट विचार करून भर, आणि लिलावाच्या दिवशी फोन आईच्या हातात देऊन नेटमध्ये जा.