पडेल गाण्यांचा पारखी

पुण्याच्या जुन्या बाजारात ‘शोले’च्या संवादांची एलपी मागितली, तर विक्रेता हातातला चहा खाली न ठेवता पायानेच एक गठ्ठा पुढे सरकवतो. ‘बॉबी’ मागितली तरी तेच. १९७३ साली ‘बॉबी’ आणि १९७५ साली ‘शोले’ साऱ्या देशाने डोक्यावर घेतले. तबकड्या घरोघरी गेल्या, घरातून माळ्यावर गेल्या, आणि आता बुधवारी-रविवारी गोणपाटावर ऊन खात पडलेल्या असतात. लोकांना जे आवडलं, त्याला आज कुत्रं विचारत नाही. भाव आहे तो त्या काळी कुणीच न घेतलेल्या गाण्यांना. आमचा अख्खा छंद या एका अन्यायावर उभा आहे.

चरणजित सिंग यांचंच बघा. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा हा माणूस. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं समोर मांडली आणि भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने एलपी काढली. ती पडली, आणि रीतसर पडली. शास्त्रीयवाल्यांनी कानावर हात ठेवले असणार, आणि तोडीवर नक्की कोणता पाय आधी उचलायचा, हे नाचणाऱ्यांना उमगलं नसणार. पुढे १९८७च्या सुमारास शिकागोच्या पोरांनी त्यातल्याच एका यंत्रातून तसलेच पिळदार आवाज काढले आणि त्याचं ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जगभर कौतुक झालं. २००२ साली हॉलंडच्या एका संग्राहकाला सिंग यांची एलपी दिल्लीत सापडली, २०१० साली ती नव्याने निघाली आणि मूळ प्रतीचे भाव आभाळाला भिडले. १९८२ साली ती लोकांनी आवडीने घेतली असती, तर आज ‘शोले’च्या गठ्ठ्याखाली निघाली असती.

तीच गोष्ट बीटल्सची. साहेबाच्या देशात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोडीत निघाल्या, तरी आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन शांतपणे चालू होते. त्यामुळे बीटल्सची गाणी आपल्या दमदमच्या कारखान्यातून ७८वरही निघाली. आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. आपलं मागासलेपण इतक्या चढ्या भावाने दुसरीकडे कुठे विकलं गेल्याचं मला माहीत नाही.

माझी झेप अर्थात बीटल्सपर्यंत जात नाही. मी ‘यंग इंडिया’वर भागवतो. १९३५ साली मुंबईत सुरू झालेल्या या स्वदेशी कंपनीने नवख्या आणि हौशी गायकांना मनापासून संधी दिली. त्या काळच्या काही तबकड्यांवर गायकाच्या नावापुढे ‘बी.ए.’ छापलेलं असे. ऐकल्यावर लगेच पटतं की पदवी गाण्यातली नसावी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. आजचे बुवा तेवढ्यात तंबोऱ्याच्या पहिल्या तारेशीही समेट करत नाहीत. माझ्याकडचे एक मास्तर मात्र तेवढ्या वेळात आलाप, अस्थायी, अंतरा आणि ताना असं सगळं उरकतात, शेवटची गाडी पकडायला निघालेल्या माणसासारखे. सम येते तेव्हा ते पुढच्या स्टेशनावर असतात. गौहरजान १९०२च्या आपल्या ध्वनिमुद्रणांच्या अखेरीस इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. आमच्या मास्तरांनी ते टाळलंय, आणि लेबलही वाळवीने खाल्लंय. दोघांनीही समजूतदारपणा दाखवला, असं आमच्या घरच्यांचं मत आहे.

हे मास्तर मिळवणं सोपं नव्हतं. संग्राहकाचा पहिला नियम असा, की हवी ती तबकडी सोडून बाकी सगळ्यांकडे बघायचं. मी आधी मुकेश उचलला.

“केवढ्याला?”

“शंभर.”

“आणि ही लता?”

“तीपण शंभर.”

“आणि ही... कोण आहे कोण जाणे... ही?”

“हजार.”

“हजार? चरा गेलाय हिच्यावर!”

“काका, आल्यापासून तुम्ही तिच्याकडे बघत नाहीयात.”

“अहो, पण या गायकाला कुणी ओळखतं तरी का?”

“म्हणूनच तर हजार.”

अशा माणसाशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो. याने शास्त्र जाणलेलं असतं.

तबकडी घरी सुखरूप पोहोचली, म्हणजे ती वाचली असं नव्हे. ७८ची तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ही माहिती आमच्या मावशींना करोनाच्या दिवसांत नव्हती. बाजारातून आलेली वस्तू म्हणून त्यांनी एका ठुमरीवर सॅनिटायझर फवारला आणि फडक्याने जोर लावून पुसलं. ठुमरी निर्जंतुक झाली. फडकं काळं झालं, त्याला मंद वास येऊ लागला, आणि सुईला आता त्या बाजूवर मुक्कामाला जागा उरलेली नाही. “जरा तरी नीट वाजतंय का रे आता?” असं मावशींनी प्रेमाने विचारलं होतं. वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार?

सध्या मात्र आमच्या घरात वेगळाच पेच आहे. पुतण्याने मित्रांबरोबर बँड काढलाय. आजकाल पुन्हा व्हायनिलची हवा आहे म्हणून त्याने स्वतःची एलपी छापून घेतली. मी ऐकली. दोन्ही बाजू ऐकल्या. मग त्याला कवटाळून म्हणालो, “बाळा, ही अजिबात खपणार नाही!” माझ्या तोंडून एवढी मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळालेली नाही. वर हेही सांगितलं, की एकही प्रत विकू नकोस, जाहिरात करू नकोस, मित्रांना फुकट तर मुळीच देऊ नकोस. पन्नास वर्षं कळ काढ. पोरगं खिन्न हसलं आणि खोलीत गेलं. वहिनींनी माझ्याशी बोलणं सोडलंय. दादा तेवढा रात्री हळूच येऊन विचारून गेला, “पन्नास म्हणजे नक्की पन्नासच का रे? कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून आहे.”